ड्युटी लिस्टवर अर्धी मोजा

कोणत्याही वॉर्डात नवीन सिस्टर रुजू झाली की सगळ्यात आधी तिचं नाव ड्युटी लिस्टवर चढतं. ओळखपत्र मागाहून येतं, युनिफॉर्म शिवून यायला वेळ लागतो, पहिला पगार हातात पडायला कधीकधी दीड महिना जातो. लिस्टवर नाव मात्र पहिल्याच आठवड्यात लागतं, आणि लागतं ते पूर्ण एक म्हणून. सकाळपाळीला चार जणी हव्यात. तीन जुन्या, एक नवीन, झाल्या चार. जागा भरली असं धरून मेट्रन ऑफिस पुढच्या वॉर्डाकडे वळतं. माझा सगळा आक्षेप या बेरजेला आहे.

नवीन परिचारिकांना सांभाळून घ्या, असं सगळेच म्हणतात. दरवर्षी १२ मेला परिचारिका दिनाच्या व्यासपीठावरून म्हणतात, नव्या बॅचच्या शपथविधीला म्हणतात, मानांकनाची तपासणी जवळ आली की फाइलमध्येही लिहून ठेवतात. त्यामागची भावना खोटी नाही. पण सांभाळून घ्यायला वेळ लागतो, आणि वॉर्डातल्या वेळेचा हिशेब एकाच कागदावर असतो, तो म्हणजे ड्युटी लिस्ट. तिथे नवीन मुलगी पूर्ण धरली आणि तिला शिकवणाऱ्या सिनियर सिस्टरकडे नेहमीइतकेच पेशंट ठेवले, तर सांभाळायचं कोणी आणि कधी? म्हणून माझी मागणी अशी: पहिले काही आठवडे तिला मोजूच नका, पुढे सहा महिने होईपर्यंत अर्धी मोजा, आणि जिला तिच्यासोबत नेमाल तिचे पेशंट त्या प्रमाणात कमी करा. स्वागत समारंभ, पुस्तिका, समुपदेशन हे सगळं त्यानंतर.

यावर पहिला प्रश्न येतो तो अगदी रास्त आहे. चार वर्षं बी.एस्सी. किंवा तीन वर्षं जीएनएम करून, परीक्षा पास होऊन, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेऊन आलेली मुलगी अर्धी कशी? तिला काम येत नाही का?

येतं. पण काय येतं आणि काय येत नाही, ते जवळून पाहायला हवं. रात्रीचे दोन वाजलेत, मेडिकल वॉर्ड भरलेला आहे, मधुमेहाच्या एका आजोबांची शुगर ३८० आली आहे. डॉक्टरांनी फोनवर दहा युनिट रेग्युलर इन्सुलिन सांगितलं. इन्सुलिन किती वेळात काम सुरू करतं, त्याचा जोर केव्हा सर्वांत जास्त असतो, शुगर फार उतरली तर काय दिसतं, हे सगळं त्या मुलीने परीक्षेत लिहिलेलं आहे. आता ती ट्रेसमोर उभी आहे. ट्रेमध्ये दोन तऱ्हांच्या सिरिंज आहेत, लाल टोपणाच्या आणि केशरी टोपणाच्या. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपणाची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे दोन्ही ताकदींचं इन्सुलिन मिळतं आणि एकाच फ्रिजमध्ये शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. १०० वाल्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर आजोबांच्या अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. उलट झालं तर चारच जातात, आणि सकाळी राऊंडला शुगर का उतरली नाही म्हणून बोलणी बसतात. पहिल्या चुकीत बोलणी नसतात. पहाटे घामाने निथळलेला, हाकेला ओ न देणारा पेशंट असतो.

हा फरक तिला ठाऊक नाही असं मी म्हणत नाही. बहुतेक जणींना ठाऊक असतो. पण त्याच वेळी सात नंबरची सलाईन संपत आलेली असते, तेरा नंबरचे नातेवाईक खुर्चीपाशी येऊन उभे असतात, कॅज्युअल्टीतून नवी अ‍ॅडमिशन वर येत असल्याचा निरोप आलेला असतो. ठाऊक असलेली गोष्ट अशा क्षणी हाताशी यायला सराव लागतो, आणि सराव होईपर्यंत दुसरी नजर लागते. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन अशा धोक्याच्या औषधांचा डोस दोघींनी स्वतंत्रपणे तपासावा, ही जगभरची चांगली रीत आहे आणि आपल्या मोठ्या रुग्णालयांच्या नियमावलीतही ती लिहिलेली असते. रात्री वॉर्डात एकटीच असेल, तर दुसरी कुठून आणायची? शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारावी, तर तिकडे तीही एकटीच.

डॉक्टरांच्या बाबतीत समाजाने ही गोष्ट केव्हाच मान्य केली आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं संपली तरी कोणी त्या मुलाला लगेच डॉक्टर म्हणून एकटं बसवत नाही. वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप झाल्याशिवाय कायम नोंदणीच मिळत नाही. त्या वर्षात तो काम करतो, स्टायपेंड घेतो, चुकला तर वर रजिस्ट्रार असतो, रजिस्ट्रारच्या वर लेक्चरर असतो. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमातही शेवटच्या सत्रात इंटर्नशिप आहे, हे खरं. पण ती विद्यार्थिनीची इंटर्नशिप आहे. सही दुसऱ्या कोणाची असते, जबाबदारी दुसऱ्या कोणाची असते. अनेक ठिकाणी तर त्या मुली मनुष्यबळाची भरपाई म्हणूनच वापरल्या जातात. बेड करणं, टीपीआर (ताप-नाडी-श्वास) घेणं, सॅम्पल पोचवणं यातच महिने जातात. खरी उडी पडते ती त्यानंतर. आदल्या दिवशी ‘स्टुडंट’ असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी ‘सिस्टर’ होते आणि केसपेपरवर तिची सही चालू लागते. त्या दोन दिवसांमध्ये तिच्या ज्ञानात काडीची भर पडलेली नसते. बदललेली असते ती फक्त जबाबदारी.

या उडीचा अभ्यास झालेला नाही असंही नाही. १९७४ साली मार्लिन क्रेमर या अमेरिकन परिचारिकेने ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. कॉलेजात शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डात करावं लागणारं नर्सिंग यांतली दरी नवीन मुलींना कशी हादरवते आणि त्यातल्या कित्येक जणी कामच कशा सोडतात, हे तिने मांडलं. तिच्या मांडणीत सुरुवातीचे दिवस उत्साहाचे असतात आणि धक्का नंतर येतो. पुढे २००९ मध्ये कॅनडाच्या ज्युडी डश्चर यांनी पहिले तीन-चार महिने सर्वांत कठीण असतात, असं दाखवलं. आता आपल्याकडचा ‘इंडक्शन’ पाहा. पहिले दोन-तीन दिवस, कुठे फार तर आठवडा. हात धुण्याच्या पायऱ्या, आगीचा बंब कसा वापरायचा, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या, सह्या, फोटो. नंतर जेव्हा ती मुलगी खरोखर कोलमडायला लागते, त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिच्याकडे बघणारं कोणी नसतं. तोवर ती ‘जुनी’ झालेली असते, आणि तिच्यापाठोपाठ आलेल्या मुलीला वॉर्ड दाखवायचं काम तिच्याकडे आलेलं असतं.

पॅट्रिशिया बेनर यांचं १९८४ चं ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला नावाने तरी माहीत असतं. त्यातल्या पाच पायऱ्या परीक्षेला येतात, पाठ होतात. बेनरबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मात्र आपल्या रुग्णालय प्रशासनाने कधी मनावर घेतली नाही. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं काम केल्यावर परिचारिका खऱ्या अर्थाने सक्षम होते. एकाच प्रकारच्या! आपल्याकडे नवीन मुलगी ही सगळ्यांत हलवायला सोपी असते. आज सर्जरीत, उद्या ऑर्थोत, परवा बाळांच्या कक्षात कोणी रजेवर गेलं म्हणून तिकडे. ती तक्रार करत नाही, कारण तिला ओळखणारं कोणी नसतं. प्रत्येक वॉर्डात कपाटं वेगळी, इंडेंट वेगळं, इन्चार्जची पद्धत वेगळी, आणि मुख्य म्हणजे पेशंट वेगळे. दर पंधरवड्याला ती पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

एकाच वॉर्डात राहिल्याने नेमकं काय येतं? मेडिकलच्या पेशंटला ‘काय होतंय?’ विचारलं की पुष्कळदा तो म्हणतो, ‘काही नाही सिस्टर, जरा कसंतरीच होतंय.’ नवीन मुलगी नाडी-बीपी बघते, आकडे बरे दिसतात, ती ‘विशेष तक्रार नाही’ असं लिहून पुढे जाते. जुनी सिस्टर तिथेच थांबते. ती चेहऱ्याचा रंग बघते, हाताला हात लावून बघते, पाय पसरून पडून राहणारा हा माणूस आज उठून का बसलाय, असं मनाशी म्हणते, आणि पाच मिनिटांनी पुन्हा येते. पुष्कळदा त्या पाच मिनिटांतच डॉक्टरांना बोलावलं जातं आणि माणूस वाचतो. हे कोणत्याही पुस्तकात असं लिहिलेलं नाही. जुन्या सिस्टरच्या सोबत त्या पेशंटपाशी उभं राहून, ‘तुला काय वेगळं दिसलं?’ असं तिने विचारल्यावरच ते येतं. त्याला वेळ लागतो, आणि वेळेचा प्रश्न पुन्हा ड्युटी लिस्टपाशीच येतो.

सिनियर सिस्टर शिकवत नाहीत, हा आरोप सर्रास होतो. त्या टाकून बोलतात, ‘एवढंसुद्धा येत नाही?’ म्हणतात, नवीन मुलीला रडवतात. असं घडतं, हे मी नाकारत नाही. असं बोलणं सहन करू नये असंही मला वाटतं. पण मी वॉर्डात परिसेविका होते, पुढे कॉलेजात शिकवलं, दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. चाळीस पेशंटची सकाळ एकटीच्या अंगावर घेतलेल्या बाईकडून आपण संयमाची अपेक्षा करतो, तेव्हा आपण तिच्यावरही अन्याय करतो. तिला नवीन मुलगी म्हणजे मदत मिळाली असं सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला पेशंट तेवढेच राहतात आणि वर एक प्रश्न विचारणारी येते. राग मुलीवर निघतो, कारण मेट्रन ऑफिसवर काढायची सोय नसते. मग नवीन मुलगी प्रश्न विचारणं बंद करते. माझ्या मते वॉर्डातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. ज्या मुलीला विचारायची भीती वाटते ती अंदाजाने काम करते, आणि अंदाजाने दिलेल्या औषधाचा परिणाम पेशंट भोगतो.

‘आम्हीही असंच शिकलो, आम्हाला कोणी बोट धरून शिकवलं होतं?’ हे उत्तर जुन्या पिढीकडून येतं आणि त्यात अभिमान असतो. तो अभिमान मला समजतो. पण असं म्हणणाऱ्या बायका टिकून राहिलेल्या आहेत. ज्या पहिल्याच वर्षात नोकरी सोडून गेल्या, लग्नाचं निमित्त सांगून घरी बसल्या, शाळेत किंवा विमा कंपनीत गेल्या, त्या हे वाक्य म्हणायला वॉर्डात नाहीत. शिवाय काळही तो राहिलेला नाही. पूर्वी बरा होत आलेला पेशंटही आठ-आठ दिवस वॉर्डात असायचा. त्याच्यावर हात बसायचा. आता जो बरा होत आला तो घरी जातो आणि बेडवर राहतात ते फक्त नाजूक अवस्थेतले. सिरिंज पंप, व्हेंटिलेटर, सेंट्रल लाईन या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणीही आल्या. नवीन मुलीची पहिली ड्युटी आज ज्या पेशंटवर लागते, तसा पेशंट जुन्या सिस्टरच्या हाती काही वर्षांनी यायचा.

याहून कमी बोललं जातं ते पहिल्या मृत्यूबद्दल. कॉलेजात ‘मृत्यूपश्चात सेवा’ या मथळ्याखाली ते शिकवलेलं असतं, मॅनिकिनवर करूनही दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात काल संध्याकाळी ज्या बाईने तुमच्या हातून चहा घेतला आणि ‘तू कुठली गं? माहेर कुठे?’ असं विचारलं, तिच्या नळ्या काढायच्या असतात. डोळे मिटवायचे, हनुवटी बांधायची, अंग पुसायचं, मंगळसूत्र-बांगड्या नातेवाइकांच्या सहीने परत करायच्या, मनगटाला नावाची पट्टी बांधायची, वॉर्डबॉय मामांना हाक मारून ट्रॉली मागवायची. नातेवाइकांपैकी एखादा ओरडतो, ‘तुम्ही काहीच केलं नाही.’ त्याला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. मग रजिस्टर भरायचं, बेड साफ करून घ्यायचा आणि सहाची इंजेक्शनं सुरू करायची, कारण बाकीचे पेशंट थांबलेले असतात. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना ही गोष्ट एका ओळीत येते: ‘नऊ नंबर एक्स्पायर, चार दहाला.’ ओव्हर घेणारी लिहून घेते आणि विचारते, ‘दहा नंबरचं काय?’

मी असं कितीतरी मुलींचं पाहिलं आहे. त्या दिवशी त्या जेवत नाहीत, हॉस्टेलवर जाऊन झोपतात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा येतात. कोणी त्यांना पाच मिनिटं बाजूला घेऊन ‘तू जे केलंस ते नीट केलंस, आणि जे झालं ते तुझ्यामुळे झालं नाही’ एवढंही सांगत नाही. आणि कधीकधी प्रश्न त्याहून टोकदार असतो: झालं त्यात खरोखर तिच्याकडून काही राहिलं होतं का? तो विचारायला तिला जागा हवी असते. ती मिळाली नाही तर ते ओझं वर्षानुवर्षं सोबत राहतं.

चूक झाली की काय होतं, तेही पाहू. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दुःखाबद्दल काय लिहावं. कारवाई झाली त्यांत वरिष्ठ अधिकारी होते, तशा कंत्राटी परिचारिकाही होत्या. कोणाचा दोष किती, हे ठरवणं चौकशीचं आणि न्यायालयाचं काम आहे. पण राज्यभरातल्या तरुण परिचारिकांच्या मनात त्या बातमीने जे उतरलं ते मी कॉलेजात ऐकलं होतं: काहीही झालं तरी ‘ड्युटीवर कोण होतं?’ हा प्रश्न आधी येणार, आणि ‘किती जणी होत्या, कोणत्या अनुभवाच्या होत्या, कोणी नेमल्या होत्या?’ हा नंतर. ही भीती मनात असलेली मुलगी स्वतःची चूक कधी उघड करेल का? चुकीची सिरिंज ओढली आणि टोचण्याआधी लक्षात आलं, तर ती गुपचूप टाकून देईल. फ्रिजमध्ये दोन ताकदींच्या बाटल्या शेजारी ठेवू नयेत, हा धडा मग वॉर्डाला कधीच मिळणार नाही.

कॉलेजांना दोष द्यायला पुष्कळ जण पुढे येतात, आणि त्यात तथ्य आहे. एकाच पेशंटभोवती दहा-बारा विद्यार्थिनी उभ्या असतात, केस स्टडीच्या वह्या एकमेकींच्या बघून भरल्या जातात, शिकवणाऱ्या ट्यूटरने स्वतः वॉर्डात काम करून वर्षं लोटलेली असतात. ही कॉलेजं सुधारलीच पाहिजेत. तरीही जगातल्या उत्तमातल्या उत्तम कॉलेजातून आलेली मुलगीसुद्धा पहिल्या वर्षी अडखळतेच. अमेरिकेत विद्यापीठ रुग्णालयांनी आणि नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने मिळून २००२ मध्ये नवीन पदवीधरांसाठी वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम सुरू केला. स्कॉटलंडने २००६ मध्ये ‘फ्लाइंग स्टार्ट’ आणलं, इंग्लंडमध्ये प्रिसेप्टरशिप, म्हणजे नवीन परिचारिकेला अनुभवी परिचारिकेची सोबत, ही मान्य पद्धत आहे. तिथली कॉलेजं वाईट होती म्हणून हे आलेलं नाही. कॉलेज कितीही चांगलं असलं तरी काही गोष्टी जबाबदारी अंगावर आल्यावरच शिकता येतात आणि त्या शिकताना सोबत लागते, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे ही जाण नव्हती असं नाही. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मुली परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या, तेव्हा समाजाचा विरोध केवढा असेल याची कल्पना करावी. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं! सेवासदनने नुसता वर्गात प्रवेश मिळवून दिला नाही; मुलींच्या राहण्याची सोय केली, त्यांच्या पाठीशी प्रतिष्ठित माणसं उभी केली. मुलीला या कामात टिकवायचं तर तिच्याभोवती माणसं लागतात, हे तेव्हाच्या बायकांना कळत होतं. आज बीड, नांदेड, अमरावतीहून पुण्या-मुंबईत आलेली मुलगी एका खोलीत पाच-सहा जणींत कॉट बेसिसवर राहते, नाईट करून लोकलने परतते आणि दिवसा त्याच खोलीत दुसऱ्यांच्या गोंगाटात झोपायचा प्रयत्न करते. नर्सेस हॉस्टेल होती तिथली मोडकळीला आली, नवीन खासगी रुग्णालयांनी ती बांधलीच नाहीत. केरळहून आलेल्या मुलीला तर या सगळ्यावर पेशंटची मराठीही शिकायची असते.

पगाराचं बोलणं टाळून हा विषय पुरा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना, अगदी ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी, महिना किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर आहे. लहान शहरांतल्या नर्सिंग होममध्ये नवीन मुलीला याहून किती कमी मिळतं, हे तिथे काम केलेल्या कोणालाही विचारावं. सरकारी बाजूला अकरा-अकरा महिन्यांचे करार आहेत. बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या विरोधात २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा मुद्दा फक्त नोकरीच्या शाश्वतीचा नव्हता. जी मुलगी पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नाही, तिच्यावर सिनियर सिस्टर जीव कशाला लावेल? आणि तीही या वॉर्डाला आपलं कशाला मानेल?

खासगी रुग्णालयवाले म्हणतात, ‘आम्ही शिकवतो आणि त्या सहा महिन्यांत सोडून जातात. मग खर्च का करायचा?’ म्हणून बाँड लिहून घेतात, मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवतात. सर्टिफिकेट अडकवून ठेवणं हा जुलूम आहे आणि तो थांबलाच पाहिजे. पण त्यांचा प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर देते. त्या सोडून जातात ते बहुतेकदा शिकल्यामुळे नव्हे. शिकवलं न गेल्यामुळे, घाबरल्यामुळे, थकल्यामुळे. ज्या वॉर्डात चांगली इन्चार्ज आहे तिथल्या मुली टिकतात, हे प्रत्येक मेट्रनला माहीत असतं. आणि ज्या जातात त्या कुठे जातात? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मनीत परदेशी परिचारिकेची पदवी आधी ताडून पाहतात आणि जे कमी वाटेल त्यासाठी तिला देखरेखीखालचं अनुकूलन प्रशिक्षण किंवा चाचणी पूर्ण करायला लावतात. तोवर ती पूर्ण परिचारिका धरली जात नाही. आपल्याच मुलीला तिथे जे मिळतं ते लातूरला किंवा ठाण्याला मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर अर्धवट आहे याची मला जाणीव आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयांत ३ पेशंटमागे आणि इतर रुग्णालयांत ५ पेशंटमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही आपण नाही. जिथे पूर्ण मोजूनही पुरत नाहीत, तिथे अर्धी मोजायची चैन कशी परवडेल? खरं आहे. पहिले काही महिने जुन्या सिस्टरवर भार वाढेल आणि त्या रागावतील, तेही योग्यच असेल. तरीही मी म्हणेन, अर्धी मोजा. कारण पूर्ण मोजल्याने परिचारिका वाढत नाही, फक्त रिकामी जागा झाकली जाते. वरच्या कार्यालयाला दिसतं की जागा भरली, मंत्रालयाला दिसतं की भरती झाली, आणि वॉर्डात मात्र माणूस कमीच असतो. अर्धी मोजली तर तुटवडा आहे तेवढा कागदावर दिसेल आणि जागा मागायला आधार मिळेल. तीस खाटांच्या खासगी दवाखान्याला हे एकट्याने झेपणार नाही, हेही मान्य. त्यांच्या नवीन मुलींना तालुक्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात तीन महिने सशुल्क काढण्याची सोय करता येईल. पण सुरुवात मेडिकल कॉलेजांच्या आणि जिल्हा रुग्णालयांनी करायला हवी, कारण शिकवणं हे त्यांचंच काम आहे.

आणि सगळ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. पहिले तीन महिने नवीन मुलीला एकटीने नाईट लावू नये. दोन नवीन मुली एकाच रात्री एकाच वॉर्डात नसाव्यात. सहा महिने तिला दुसऱ्या वॉर्डात हलवू नये. मोठी भरती आली तर सगळ्यांना एकाच आठवड्यात रुजू करून न घेता टप्प्याटप्प्याने घ्यावं. तिची जबाबदारी एका सिनियर सिस्टरच्या नावावर असावी, लिखित असावी, आणि ती सिस्टर शिकवण्याची आवड बघून निवडलेली असावी, केवळ सेवाज्येष्ठतेने नव्हे. तिसऱ्या महिन्यात, धक्क्याचा काळ असतो तेव्हा, दोघींना बसून बोलायला एक तास मिळावा आणि तो ड्युटीच्या वेळेतच मिळावा. यातली एकेक गोष्ट मेट्रनच्या अधिकारातली आहे.

जे मेट्रनच्या अधिकारात नाही ते कौन्सिलच्या अधिकारात आहे. परिचारिकांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. आज ते तास मिळवायला सिस्टर रजा काढून, पैसे भरून एखाद्या सभागृहात दिवसभर भाषणं ऐकून येतात. नवीन परिचारिकेला सहा महिने सोबत घेऊन शिकवलं, तर ते तास याच हिशेबात धरावेत, आणि ज्या रुग्णालयात पहिल्या वर्षाची अशी सोय नाही त्याला विद्यार्थिनी पाठवू नयेत, एवढे दोन निर्णय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाने घ्यावेत. पुढची बॅच रुजू होण्याआधी हे व्हावं, अशी माझी मागणी आहे. त्या बॅचच्या मुली आत्ता शेवटच्या सत्राची परीक्षा देत आहेत.